तुम्ही विचारलंत म्हणून: घरात फेरेट आहेत, मग वासाचं काय करता?

आमचं घर बेळगावात वडगावला, पुढच्या खोलीत माझं शिवणकाम, ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत तर बसायला जागा नसते, आणि आतल्या खोलीत कुंदा आणि बंड्या. दोघं फेरेट. माप द्यायला आलेली बाई चप्पल काढता काढता विचारणार, "ओ मावशी, कसला वास ओ हा?" आणि आत नेऊन दाखवलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, मग या वासाचं करता तरी काय, आणि आमच्या कपड्यांना लागत नाही का तो? दुसरा प्रश्न मला जास्त जिव्हारी लागतो कारण माझं पोट त्या कपड्यांवर आहे. म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच टाकते.

आधी हे की ते मुंगूस नव्हेत. शेजारच्या अक्का अजून मुंगुसीच म्हणतात, पण फेरेट हे पाणमांजराच्या कुळातलं, मुंगूस त्या कुळात येतच नाही. युरोपात पोलकॅट म्हणून जंगली प्राणी आहे, त्याचा हा माणसाळलेला भाऊबंद, दोन हजार वर्षांपेक्षा जास्त काळ माणसाबरोबर राहतोय, सशाच्या बिळात सोडून ससे बाहेर काढायला पाळायचे. शास्त्रीय नाव मुस्टेला प्युटोरियस फ्युरो. लॅटिनमध्ये प्युटोर म्हणजे दुर्गंधी आणि फ्यूर म्हणजे चोर, म्हणजे वास आणि चोरी दोन्ही नावातच लिहून ठेवलंय आणि दोन्ही खरं आहे, माझ्या किती बॉबिन सोफ्याखाली सापडल्यात विचारू नका.

ही दोघं माझ्या भाच्याची. बंगळुरूला नोकरीला होता, तिथे हौसेने घेतली, मग परदेशात जायचं ठरलं आणि एका रात्रीच्या बसने पिंजरा घेऊन दारात उभा, "आत्या, तूच सांभाळशील गं." कुंदाचं अंग कुंद्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईच्या, रंगाचं म्हणून ती कुंदा, आणि बंड्या हा बंड्याच.

पहिलं वर्ष मी चुकीचं वागले आणि ते मला अजून टोचतं. घरात वास, गिऱ्हाईक नाक धरतंय, मग मी काय केलं तर दर रविवारी दोघांना कुत्र्याच्या शाम्पूने आंघोळ. दोन दिवस बरं वाटायचं आणि बुधवारी वास पहिल्यापेक्षा जास्त. मग मी आणखी घासायचे. कुंदा खाजवून खाजवून पाठीवर लाल झाली, केस विरळ. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं की हा वास घाणीचा नव्हेच, फेरेटच्या सगळ्या अंगभर कातडीत तेलाच्या ग्रंथी असतात, वास त्या तेलाचा, तुम्ही तेल धुऊन काढलं की कातडी कोरडी पडते आणि ग्रंथी भरून काढायला आणखी तेल सोडतात. म्हणजे मी वास धुवत नव्हते, वाढवत होते, आणि वर त्या जिवाला खाज. आता वर्षातून दोनदा, फार तर तीनदा आंघोळ, ती पण कोमट पाण्याने आणि काही सांडून माखले तरच.

दुसरा गैरसमज ग्रंथींचाच. जिथून भाच्याने घेतले त्या माणसाने सांगितलं होतं की शेपटीखालच्या ग्रंथी कापून टाका, वास बंद. नाही होत हो बंद! त्या ग्रंथी वेगळ्या, फेरेट घाबरला किंवा चिडला की त्यातून भपकारा सोडतो, चिचुंद्रीची आठवण यावी असा, पण थोड्या वेळात तो विरून जातो. रोजचा जो वास तो कातडीचा, त्याला ते ऑपरेशन काहीच करत नाही. अमेरिकेत बहुतेक पिल्लं विकायच्या आधीच या ग्रंथी काढलेली असतात आणि तरी तिकडच्या घरांत वास येतोच. उगीच त्या जिवाला कापायचं कशाला.

फरक कशाने पडला तर नसबंदीने. बंड्या आला तेव्हा माजावर होता, अंगावरचे केस पिवळट, हात फिरवला तर बोटं तेलकट व्हायची, जाईल तिथे थेंब थेंब मुतून ठेवायचा. चोर्ला घाटातून गोव्याला नेऊन डॉक्टरांकडून करून घेतलं, दीडेक महिन्यात वास निम्म्याच्या खाली आला, केस मऊ झाले. कुंदाचं तर वासासाठी नाही, जिवासाठीच करावं लागतं, कारण फेरेटची मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही तर माज उतरतच नाही, अंगातलं इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, वाढत राहतं, रक्त तयार होणं थांबतं आणि ती मरू शकते. ऑपरेशनचीही दुसरी बाजू आहे, पुढे मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आजार व्हायची शक्यता वाढते, म्हणून डेस्लोरेलिनचं इम्प्लांट, म्हणजे माज थांबवणारं औषध कातडीखाली बसवणं, हा दुसरा मार्ग असतो, तुमच्या डॉक्टरांना दोन्हीबद्दल विचारा.

आता कापड. माझ्या मते वासाचं खरं घर तिथे आहे आणि हे मला कुणी सांगायच्या आधी माझ्या हातांना कळायला पाहिजे होतं, आयुष्य कापडात गेलंय. फेरेट दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो. इतका वेळ ते तेलकट अंग झोपायला टांगलेल्या एकाच कापडी झोळीत घासतंय, मग वास जनावरात कमी आणि झोळीत जास्त साठणार की नाही? बंड्याला उचलून नाकाशी धरा, जरा कस्तुरीसारखा, जरा भाजल्या मक्यासारखा वास येतो, मला तर आवडतो आता. पण तीच त्याची आठ दिवसांची झोळी हुंगा, डोकं दुखेल. म्हणून जनावर धुवायचं नाही, कापड धुवायचं. अस्तराचे उरलेले कॉटनचे तुकडे जोडून मी बारा झोळ्या शिवल्यात, दर तीन दिवसांनी बदलते, गरम पाणी, साधी पावडर आणि मूठभर खायचा सोडा, सुवासिक कंडिशनर अजिबात नाही कारण वासावर वास चढवून काहीतरी तिसरंच तयार होतं. आधी भाच्याने दिलेली पॉलिस्टरची मऊ झोळी होती, तिच्यातून तेल निघतच नव्हतं, कॉटन बरं. टर्किशचा टॉवेल घालू नका, त्याच्या फासात नखं अडकतात.

खरी परीक्षा पावसात. तुम्ही बेळगावचे असाल तर सांगायला नको, एकदा खानापूरकडून झड लागली की आठ आठ दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे तसेच दमट, आणि दमट झोळीला तेलाचा आणि कुबट असा दोन्ही वास. त्यात दारं-खिडक्या बंद. तेव्हा मी झोळ्या रात्री पंख्याखाली टाकते आणि सकाळी इस्त्री मारते, दोन्ही बाजूंनी, पूर्ण सुकेपर्यंत. वीज जाते. गेली तर चुलीजवळ. पण ओली झोळी परत टांगायची नाही म्हणजे नाही.

खाण्याचंही सांगते. हे पक्के मांसाहारी, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. भात-पोळीचा तुकडा लाडाने दिलात तर शी पातळ आणि वासाची. मी कोंबडी देते, काळीज, पेठा (कोंबडीचं जठर), अधूनमधून अंडं, आणि मांजराच्या पिल्लांचं चांगलं खाणं. बांगडा एकदा दिला होता, परत नाही, दोन दिवस घरात बसवत नव्हतं. शी कोपऱ्यातच करतात, पाठमोरं सरकत जाऊन, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात ट्रे, ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्या नाहीतर फाडलेली रद्दी, सुताराचा भुसा नको, धुळीने आणि पाईनच्या उग्रपणाने त्यांच्या छातीला त्रास होतो. रोज दोनदा उचलायचं. आणि चोरी विसरू नका, काळजाचा तुकडा पळवून कपाटामागे लपवतात आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही जनावराला दोष देता. माझा आठवड्यातून एकदा बॅटरी घेऊन झाडून सगळ्या फटी बघायचा नेम आहे, त्यात हुक, इलॅस्टिक, स्पंजचे कपही शोधते कारण ते गिळलं तर आतडं तुंबतं आणि मग वासाची काळजी करायला जनावरच राहत नाही.

कान पण बघा. तांबूस मळ असतोच, दोन-तीन आठवड्यांनी औषधाच्या थेंबाने वरवर पुसायचा. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला तर कानात किडे आहेत, डॉक्टर गाठा.

अगरबत्ती, धूप, फिनेल, स्प्रे यातलं काही मी आता त्यांच्या खोलीत नेत नाही. त्यांचं नाक आणि छाती नाजूक, आणि सुगंधाने वास झाकला की नेमकी झोळी बदलायची वेळ कधी झाली तेच कळत नाही.

गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं म्हणाल तर मधलं दार कायम बंद, आत जाऊन आले की हात धुऊनच कापडाला हात, आणि शिवून झालेला ब्लाउज लगेच पिशवीत. आपलं नाक आपल्या घराला सरावतं, त्यामुळे माझ्या नाकावर मी विश्वास ठेवत नाही, अक्कांवर ठेवते. पहिल्या वर्षी त्या दारातूनच म्हणायच्या, "एन वास्नी री इदु?" म्हणजे कानडीत, कसला वास हो हा? आता दर शुक्रवारी मी त्यांना मुद्दाम बोलावते, एक ब्लाउज हातात देते, त्या हुंगतात आणि खरं सांगतात. गेल्या श्रावणात दोनदा त्यांनी परत दिला, मी परत धुतला.

घ्यायचा विचार असेल तर आधी घरी या. पण झोळ्या धुतल्या त्या दिवशी नको, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी या, बदलायच्या आधी, पाऊस चालू असेल तर अजून बरं. तासभर आतल्या खोलीत बसा, बंड्याला मांडीवर घ्या, घरच्या सगळ्यांना घेऊन या, सासूबाईंना सुद्धा. चहा मी देते.