इंजिन बदलताना क्लच आणि फ्लायव्हील जुळवण्याचा माझा अनुभव
मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे 1990 सालची माझदा एमएक्स-5 आहे. तिचे 1598 सीसीचे इंजिन फार तेल पिऊ लागले, तेव्हा त्याच्या जागी याच गाडीच्या 1994 च्या मॉडेलमधले 1839 सीसीचे इंजिन बसवायचे मी ठरवले. जुना पाच गिअरचा गिअरबॉक्स या इंजिनाला थेट जुळतो, त्यामुळे क्लचपाशी काम अडेल असे मनातही आले नव्हते.

स्क्रॅपयार्डातून आणलेल्या इंजिनाबरोबर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागे फिरणारी आणि क्लच जिच्यावर बसतो ती जड चकती, नव्हते. मी माझेच जुने फ्लायव्हील पुसून लावले आणि त्याचे सहाही बोल्ट क्रँकमध्ये (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यात) विनासायास बसले. नंतर क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी नवी प्रेशर प्लेट टेकवली, तर तिची भोके फ्लायव्हीलच्या डॉवेलांवर (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांवर) येईनात. माल चुकीचा आला असे समजून मी तो परत पाठवणारच होतो. पण आधी दोन्ही क्लच प्लेटा एकमेकींवर ठेवून मोजल्या. जुनी 200 मिलिमीटर व्यासाची होती, नवी 215 ची. मागवलेला क्लच मोठ्या इंजिनासाठी बरोबरच होता; लहान इंजिनाचे फ्लायव्हील क्रँकवर बसते, मात्र त्यावर 200 चाच क्लच चालतो.

जुनीच जोडी ठेवली असती तरी गाडी चालली असती. तरीही वाढलेल्या ताकदीला घर्षणाचा मोठा पृष्ठभाग हवा असे माझे मत पडले आणि मी मोठ्या इंजिनाचे फ्लायव्हील शोधून आणले. त्यावर उष्णतेचे निळे डाग होते, म्हणून लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करून घेतले. त्याच्या मध्यभागी असलेले पायलट बेअरिंग बोटाने फिरवताना खरखरत होते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक त्याच्याच आधारावर फिरते, त्यामुळे तेही बदलले. क्रँकचे मागचे ऑइल सील तेवढ्यात उरकले, कारण त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणे कोणालाही परवडत नाही.

नवी क्लच प्लेट इनपुट शाफ्टवर सरकवून पाहिली. स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) तेच असल्याने ती सहज आत गेली. फ्लायव्हीलचे बोल्ट सीलंट लावून, समोरासमोरचे आळीपाळीने, 96 ते 103 न्यूटन मीटरच्या दरम्यान आवळले आणि प्लेट मध्यभागी धरून प्रेशर प्लेट बसवली. गिअरबॉक्स पहिल्याच प्रयत्नात इंजिनाला येऊन भिडला.

जुने फ्लायव्हील आणि 200 ची प्रेशर प्लेट मी एकमेकांना बोल्टने जोडूनच फडताळात ठेवली आहेत.