दोन गाड्या, तीन चालक, सहा आकडे

धाकट्या भावाशी माझं एक भांडण गेली चार वर्षं चालू आहे. तो म्हणतो, गाडी दमदार हवी, बाकीचं आपोआप जमतं. मी म्हणते, बाकीचं जमलं नाही तर दमदार गाडीचं काय लोणचं घालायचंय? त्याच्याकडे ३०० एचपीची टर्बो गाडी आहे, चारही चाकांना ताकद जाणारी, वजन दीड टन. माझी जुनी हॅचबॅक ११० एचपीची, वजन ९८० किलो, मागची सीट काढून टाकलेली. (वजन कमी करायला काढली असं मी सांगते. खरं तर ती कुत्र्याने फाडली होती.)

भांडणातले दाखलेही आता पाठ झालेत. मी आधी १९६१ची मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत काढते. स्टर्लिंग मॉसकडे आदल्या वर्षीची लोटस १८, समोर फेरारीच्या तीन नव्याकोऱ्या गाड्या, इंजिनं जास्त ताकदीची. शंभर लॅप, म्हणजे ट्रॅकच्या शंभर फेऱ्या, झाल्या आणि मॉस ३.६ सेकंदांनी पहिला आला. भाऊ यावर लगेच २०२०ची बहारीनमधली साखिरची शर्यत टाकतो. जॉर्ज रसेल तेव्हा तळाच्या विल्यम्स संघात होता, फॉर्म्युला वनमध्ये तोवर एक गुणही मिळालेला नव्हता. विश्वविजेत्या हॅमिल्टनला कोविड झाला, रसेल त्याच्या मर्सिडीजमध्ये बसला आणि पात्रता फेरीत त्याच संघातल्या बोटासच्या फक्त ०.०२६ सेकंद मागे राहिला. शर्यतीतही बराच वेळ सगळ्यांच्या पुढे होता. पिटमध्ये टायरांचा घोळ झाला, मग पंक्चर, आणि तो नववा आला, ते सोडा. "माणूस तोच होता ना, ताई? आठवड्याभरात गाडी चालवायला शिकला का?"

यावर माझ्याकडे फार चांगलं उत्तर नाही. एवढंच म्हणते, की तिथे पोचलेले सगळे एकमेकांपासून सेकंदाच्या काही दशांशांवर असतात, त्यामुळे उरलेला फरक गाडीचाच दिसणार. आपण दशांशांवर नसतो.

माझी खरी लाडकी गोष्ट जर्मन शर्यतचालक झबिने श्मिट्झची. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा उत्तरेकडचा जुना ट्रॅक, जवळजवळ २०.८ किलोमीटरचा, जंगलातून चढत-उतरत जाणारा. एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसनने तो डिझेल जग्वारमध्ये ९ मिनिटं ५९ सेकंदांत पूर्ण केला, तोही तिच्याकडून शिकून. पुढे तिने सामान वाहायची फोर्ड ट्रान्झिट व्हॅन तिथेच पळवली. १० मिनिटं ८ सेकंद. व्हॅन! वळणावर कलंडेल की काय असं वाटणारी ती उंच पेटी जग्वारच्या फक्त नऊ सेकंद मागे. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली, की शेवटी भावाने ती नीट वाचून काढली आणि माझ्याच अंगावर उलटवली. त्याच जग्वारमध्ये श्मिट्झची वेळ ९:१२ होती. म्हणजे माणूस बदलला तर ४७ सेकंद, आणि माणूस तोच ठेवून व्हॅनची जग्वार केली तर ५६. "आता बोल."

बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्ही ट्रॅकवर गेलो.

३.२ किलोमीटरचा, बारा वळणांचा ट्रॅक. दोन्ही गाड्या आलटूनपालटून दोघांनी चालवायच्या, प्रत्येकी पाच लॅप, त्यातला सर्वांत चांगला धरायचा. तिथल्या प्रशिक्षक बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आमची वादावादी ऐकून म्हणाल्या, "मलाही दोन्ही द्या." त्यांनी दोन्हींपैकी एकही गाडी आधी चालवलेली नव्हती.

माझ्या छोट्या गाडीत भाऊ २:१३.०, मी २:०९.४, बाई २:०३.९. भावाच्या मोठ्या गाडीत भाऊ २:०५.१, मी २:०३.६, बाई १:५४.२.

पहिल्यांदा मला दिसलं ते अर्थातच सोयीचं. बाई ११० एचपीच्या, मागची सीट नसलेल्या गाडीतून भावाच्या ३०० एचपीपेक्षा १.२ सेकंद लवकर आल्या. मी तिथेच नाचायची बाकी होते. मग भावाने दाखवलं, की मी त्याच्या गाडीत बसल्या-बसल्या बाईंच्या छोट्या गाडीतल्या वेळेच्याही तीन दशांश पुढे गेले. बाईंनी वीस-पंचवीस वर्षं घासून जे कमावलं, ते मला किल्ली फिरवून मिळालं. तेही खरंच.

पण घरी येऊन वहीत वजाबाक्या करत बसले, तेव्हा दोघांनाही न सुचलेलं काहीतरी हाती आलं. मोठ्या गाडीने मला ५.८ सेकंद मिळवून दिले, भावाला ७.९ (गाडी त्याची, सवयीची). बाईंना ९.७. गाडी तीच, आणि मिळकत ज्याची त्याची वेगळी. आणि बाईंच्या-माझ्यातलं अंतर छोट्या गाडीत ५.५ सेकंद होतं, ते मोठ्या गाडीत ९.४ झालं. माझी इतकी वर्षांची समजूत अशी, की चांगली गाडी कच्च्या चालकाला सांभाळून घेते, फरक कमी करते. इथे फरक वाढला होता.

हे का झालं ते लॉगरने दाखवलं. लॉगर म्हणजे जीपीएसवरून वेगाचा आलेख काढणारी छोटी डबी, काचेला चिकटवायची. हेअरपिनचंच, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या तीव्र वळणाचंच घ्या. तिची त्रिज्या साधारण ३० मीटर. वळणातला वेग पकडीच्या वर्गमुळाने वाढतो, त्यामुळे ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोर) पेलणारा टायर तिथून ताशी ५९ किलोमीटरच्या आसपास निघतो आणि १.० जी पेलणारा ६२च्या आसपास. म्हणजे उत्तम टायर घातले तरी तिथे फायदा तीन किलोमीटरचा. आता आमचे आकडे. छोट्या गाडीत त्या वळणात माझा सर्वांत कमी वेग ४९, बाईंचा ५७. मोठ्या गाडीत बाई ६०, आणि मी ४७. चांगले टायर, जास्त पकड, आणि मी आधीपेक्षा हळू! कारण तिथे पोचताना छोटी गाडी १३५वर असते आणि मोठी १६५वर. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, इथे जवळजवळ दीडपट. माझ्या पायाला ते माहीत नव्हतं. पाय घाबरला, लवकर आणि जरुरीपेक्षा जास्त दाबला गेला. सरळ पट्ट्यावर गाडीने जे दिलं, त्यातलं बरंचसं मी वळणाच्या तोंडाशी परत करून टाकलं, आणि बाहेर पडल्यावर टर्बोने पुन्हा ओढून नेलं म्हणून वेळ तरी बरी आली.

सातव्या वळणाने तर माझा जास्तच अपमान केला. तिथे छोट्या गाडीत बाईंनी ब्रेक माझ्याआधी लावला होता. आधी! उशिरा ब्रेक मारणारा तो शूर, असं आपण सगळेच मानतो. फरक ब्रेक सोडण्यात होता. मी पाय असा उचलते जसा तापल्या तव्यावर पडलाय. ब्रेक एकदम सुटला, की गाडीचं पुढे आलेलं वजन झटक्यात मागे जातं, पुढचे टायर हलके होतात आणि नेमकं तेव्हाच मी त्यांना वळायला सांगते. नाक बाहेर जातं, मग मी स्टिअरिंग अजून पिळते, मग अॅक्सिलरेटरसाठी थांबते. टायरकडे पकड एकूण एवढीच असते. ब्रेकने खाल्ली तर वळायला उरत नाही. बाई स्टिअरिंग जसजसं फिरवतील तसतसा ब्रेक सोडत जातात, आलेखात एक लांब उतरती कड दिसते. माझ्या आलेखात तिथे कडा आहे, दरीची.

भावाच्या आलेखाबद्दल मी इथे लिहिणार नाही असं त्याला वचन दिलंय. तो टेकड्यांसारखा दिसतो एवढंच.

आता घाट. इथे मी वेळ मोजत नाही, आणि मोजणाऱ्याच्या गाडीत बसतही नाही. ट्रॅकवर तेच वळण पन्नास वेळा येतं. घाटात वळणापलीकडे खडी आहे, गुरं आहेत की मधोमध बंद पडलेला ट्रक आहे, हे वळल्यावर कळतं. दिसतं तेवढ्या रस्त्यात थांबता आलं पाहिजे, त्यापलीकडे ३०० एचपी असोत की तीस, काही फरक पडू नये. पडतो मात्र. जोरदार गाडी शांत असते, ८० हे ५०सारखे वाटतात.

काही आठवड्यांनी एक लांब घाट आम्ही उतरत होतो. भाऊ पुढे, मी मागे. मी माझ्या गतीने, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर. त्याचा खाक्या असा, की प्रत्येक दोन वळणांच्या मध्ये १००पर्यंत जायचं आणि वळणाला ४०वर यायचं. मी ८०वरून ४०वर येते असं धरलं तरी त्याच्या वजनामुळे आणि वेगामुळे त्याचे ब्रेक दर वळणाला माझ्या अडीचपटीहून जास्त उष्णता गिळत होते. विसाव्या-पंचविसाव्या वळणाला तो रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत थांबलेला दिसला. चाकांना जळका वास. "पेडल पार खाली जातंय," म्हणाला. तोंडावर रंग नव्हता. ब्रेक फ्लुइड तीन वर्षं बदललेलं नव्हतं. डॉट ४ या प्रकारचं नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे, पण ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल धरलेल्यासाठी तीच किमान मर्यादा १५५ आहे. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते, ब्रेकपर्यंत दाब पोचतच नाही.

आम्ही तासभर तिथे दगडावर बसलो. मी एकदाही "बघ" म्हटलं नाही, हे मी इथे नोंदवून ठेवते, कारण तो हे वाचणार आहे. मग गाडी थंड झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस चालेल अशा गतीने खाली आलो.

फ्लुइड आणि पॅड त्याने त्याच आठवड्यात बदलले. परवा फोन आला. "ताई, तुझी गाडी रविवारी मोकळी आहे का?"

"कशाला? तुझी आहे की."

"सातवं वळण करायचंय. माझ्या गाडीत कळतच नाही काय चुकतंय ते."

गाडी देईन म्हटलं. पण पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेने पार गुळगुळीत झालाय, आणि त्यातला निम्मा ट्रॅकच्या दिवशी त्याने घासलाय. त्यामुळे टायरचे निम्मे पैसे तू दे, असंही सांगितलं. अजून उत्तर आलेलं नाही.