निघताना थांबायचं नाही, निघाल्यावर सोडायचं नाही

आमच्या वस्तीतल्या पुरुषांच्या फिटनेस क्लबचे नियम दोनच. ठरलेल्या वेळेला निघायचं, कुणासाठी थांबायचं नाही. आणि एकदा निघालो की कुणाला मागे टाकून यायचं नाही. पहिला नियम ऐकायला कडक वाटतो, पण पाळायला सोपा आहे. दुसरा पाळायला रोज कष्ट पडतात. आज मी सलग तासभर पळतो ते या दुसऱ्या नियमाच्या जोरावर. चाळिशी ओलांडलेले कितीतरी जण ‘एकदा पळायला सुरुवात करायचीच’ असं म्हणत वर्षानुवर्षं तिथल्या तिथे राहतात, म्हणून हे जरा तपशिलात लिहितो आहे.

गटात यायचंय असं सांगितल्यावर आमच्या संयोजक काकांनी पहिली गोष्ट विचारली ती बुटांची नव्हती. ‘डॉक्टरांना दाखवलंत का? आधी ते करा, मग या.’ रक्तदाब, साखर, कार्डिओग्राम आणि घरात कुणाला हृदयविकार होता का याची चौकशी, एवढं सगळं आधी झालं. याचं कारण त्यांनी नंतर समजावून सांगितलं. पस्तिशीपुढच्या माणसाचं हृदय व्यायाम करताना अचानक बंद पडतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधला अडथळा असतो, आणि तो अडथळा कसलाही त्रास न देता वर्षानुवर्षं वाढलेला असू शकतो. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यातलं काहीही जाणवलं तर जागच्या जागी थांबून सांगायचं, ही ताकीद आजही प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मिळते.

पहाटे उठणं हे काम खरं तर आदल्या रात्रीचं आहे. झोप सात तासांच्या खाली गेली की मी जात नाही, आणि गटात कुणी त्यावरून बोलतही नाही. शरीराचं तापमान रात्रीच्या शेवटच्या प्रहरात सर्वांत खाली असतं, त्यामुळे उठल्या उठल्या सांधे आणि स्नायू आखडलेले असतात. म्हणून आम्ही सुरुवातीला पाय ताणून धरत बसत नाही. आधी झपझप चालणं, मग गुडघे उचलणं, घोटे फिरवणं, एका हाताने आधार घेऊन पाय पुढेमागे झुलवणं, असं दहा मिनिटं चालतं. अंगात ऊब आली की पळायला लागायचं. ताणून धरायचे व्यायाम शेवटी.

सुरुवातीचे आठवडे मी एक मिनिट पळायचो आणि दोन मिनिटं चालायचो. चालणं म्हणजे हरणं, अशी समजूत गटातल्या बऱ्याच नव्या माणसांची असते आणि ती घालवायला वेळ लागतो. अमेरिकेचे जेफ गॅलोवे 1972 च्या ऑलिंपिकला 10,000 मीटर शर्यतीच्या संघात होते. 1974 मध्ये त्यांनी नवख्यांचा एक वर्ग घेतला, आणि पळणं-चालणं आलटून पालटून करायची त्यांची पद्धत त्यातून उभी राहिली. आधी ठरवून चालायचं, दमून नव्हे, हा त्यातला गाभा. दम संपल्यावर चालायला लागलं तर पुन्हा पळायची इच्छाच उरत नाही. दम शिल्लक असताना चाललं तर पुढचं मिनिट स्वतःहून पळावंसं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. वेगवेगळ्या वेगाची माणसं एकत्र पळू शकत नाहीत, हा कुठल्याही गटापुढचा पहिला प्रश्न. बहुतेक ठिकाणी यावर उपाय म्हणून पुढचे लोक एखाद्या चौकात थांबतात आणि मागच्यांची वाट पाहतात. दिसायला हे चांगलं, पण त्यात होतं काय ते पाहा. पुढचे उभे राहून दम घेतात. मागचा धापा टाकत पोचतो आणि तो पोचला की ‘चला’ म्हणून सगळे निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. शिवाय सगळे आपल्याकडे बघत उभे आहेत, हे ओझं वेगळंच. तीन-चार वेळा असं झालं की तो माणूस कारण न सांगता यायचा बंद होतो.

आमच्याकडे कुणी थांबत नाही, पुढचे वळतात. ठरलेल्या वळणापर्यंत गेले की ते उलटे फिरतात, सर्वांत मागच्या माणसापर्यंत पळत येतात, त्याच्या मागून वळसा घालतात आणि पुन्हा पुढे निघतात. मी सहा किलोमीटर पळायचो त्याच वेळात पुढचे आठ-नऊ पळायचे, आणि शेवट सगळ्यांचा एकत्र व्हायचा. त्यांचा व्यायाम कमी होत नाही, माझा वेग कुणाला अडत नाही. अंधारात समोरून बुटांचा आवाज यायचा, परावर्तक पट्ट्या चमकायच्या आणि बाजूने जाता जाता कुणीतरी खांद्याला हात लावून म्हणायचं, ‘खांदे सैल सोडा दादा, कानाला लागलेत.’ खांदे खरंच वर चढलेले असायचे. ते खाली सोडले की श्वासही थोडा मोकळा व्हायचा. एका फेरीत अशा पाच-सहा सूचना मिळायच्या आणि एकही उपदेश वाटायची नाही.

मध्यमवयीन पुरुषांचा असा गट ही कल्पना नवी नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडिआर्ड यांच्या पुढाकारातून 1962 मध्ये ऑकलंडला जॉगर्स क्लब सुरू झाला. लिडिआर्ड यांनी ऑलिंपिक विजेते घडवले होते, पण या क्लबात येणारे साधे, पोट सुटलेले, काही तर हृदयविकारातून उठलेले लोक होते. अमेरिकेचे प्रशिक्षक बिल बॉवरमन पाहुणे म्हणून तिथे गेले आणि त्यांच्याबरोबर पळायला उतरले, तेव्हा त्यांनाच मागे पडायची वेळ आली. हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्यासोबत राहून त्यांना शेवटापर्यंत घेऊन आले. बॉवरमन यांनी परत जाऊन आपल्या गावात जॉगिंगचे वर्ग सुरू केले, आणि अमेरिकेत जॉगिंगचं वेड पसरलं त्यामागे हा अनुभव होता. मागच्यासोबत राहणारा माणूस किती मोठं काम करतो, हे मला या हकिगतीत फार स्पष्ट दिसतं.

वेग किती ठेवायचा, याचं आमचं माप बोलण्याचं आहे. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. काका शेजारी येऊन मुद्दाम लांब उत्तराचा प्रश्न विचारतात, ‘काय हो, लेकाच्या प्रवेशाचं कुठपर्यंत आलं?’ तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर ते काही न बोलता स्वतःचा वेग कमी करतात आणि आपलाही आपोआप कमी होतो. मनगटावरच्या घड्याळापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. 220 वजा वय हे हृदयाच्या मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या कमाल मर्यादेचं सूत्र सगळीकडे सांगितलं जातं. 2001 मध्ये एका अभ्यासातून 208 वजा वयाच्या 0.7 पट असं सुधारित सूत्र आलं. पंचेचाळिशीला पहिल्याने 175 येतात आणि दुसऱ्याने 176 च्या आसपास, पण प्रत्यक्षात माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्या आकड्यावर बेतलेला वेग एकाला हलका आणि दुसऱ्याला जड जाऊ शकतो. वाक्य पूर्ण होतंय की नाही, हे मात्र ज्याचं त्याला लगेच कळतं.

दम वाढला, आता थांबायची गरज वाटत नाही, असं होऊ लागलं तेव्हाच नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. हे जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाला याच टप्प्यावर गाठतं, कारण हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना आणि स्नायुबंधांना महिने लागतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून परत येतो. श्वास ‘चल’ म्हणत असतो आणि हाड अजून तयार नसतं. गटातल्या एका फिजिओथेरपिस्टने मला नडगीवरून अंगठा दाबत खालपर्यंत न्यायला सांगितला. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर भार कमी करून भागतं. एकाच बोटाएवढ्या जागी टोचल्यासारखं दुखत असेल आणि रात्री झोपतानाही जाणवत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घेऊन लगेच डॉक्टर गाठायचा. माझं पसरलेलं होतं. काही दिवस पळणं बंद, चालणं चालू. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा खालीवर करण्याचा व्यायाम रोज. परत पळायला लागलो ते पावलं लांब न टाकता, छोटी आणि भरभर टाकत. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की धक्का वाढतो. पाऊल शरीराखाली पडू लागलं तसं दुखणं ओसरलं.

त्या काळातही मी पहाटे जात होतो, पळायला नव्हे, नव्या लोकांबरोबर चालायला. गटात असण्याचा अर्थ मला तिथे खरा कळला. पळता येत नाही म्हणून घरी बसायचं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी पळणं रद्द करून मैदानात सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं, प्रशिक्षण ठेवलं होतं. इतक्या वयाच्या इतक्या माणसांनी रोज एकत्र धाप लागेपर्यंत व्यायाम करायचा आणि हे कुणालाच येत नसेल, हे मला आता कल्पनेतही पटत नाही. पुतळ्याच्या छातीच्या मधोमध तळव्याची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक वेळी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून आळीपाळीने करायचं. एकाने हाक मारून प्रतिसाद पाहायचा, दुसऱ्याने लगेच फोन करायचा, तिसऱ्याने रस्त्यावर जाऊन रुग्णवाहिकेला वाट दाखवायची. प्रत्येकाने गुडघ्यावर बसून हे स्वतः केलं. आम्ही दर वर्षी पुन्हा करतो.

बोलण्याबद्दल थोडं. पुरुष समोरासमोर बसून मनातलं सहसा बोलत नाहीत. खांद्याला खांदा लावून, अंधारात, नजर रस्त्यावर ठेवून बोलतात. नोकरी गेलेली, झोप उडालेली, वडिलांच्या आजारपणात घर कसं पेलायचं हे कळेनासं झालेलं, हे सगळं मी या रस्त्यावर ऐकलं आहे आणि सांगितलंही आहे. वेग बोलता येईल इतका ठेवलेला असतो म्हणूनच ते शक्य होतं. उत्तर लगेच द्यावं लागत नाही, पावलं चालू असतात. पुढच्या वळणावर कुणीतरी म्हणतं, ‘माझ्याही बाबतीत असंच झालं होतं,’ आणि पुढचा किलोमीटर तो बोलतो. मला या गटाने दिलेल्या गोष्टींमध्ये ही सर्वांत मोलाची वाटते.

आता गट वाढला आहे, तेव्हा शेवटच्या माणसासोबत राहायची पाळी आम्ही लावून घेतली आहे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 ला 13 धावपटूंवर सुरू झालेला पार्करन हा दर आठवड्याला बागेत एकत्र पळायचा उपक्रम आता बऱ्याच देशांत चालतो. तिथे सर्वांच्या मागे एक स्वयंसेवक चालतो, म्हणजे भाग घेणारा कुणीही शेवटचा ठरत नाही. आमच्याकडे त्याला ‘शेवटचा भिडू’ म्हणतात. त्याच्याजवळ फोन, विजेरी आणि सगळ्यांच्या घरचे नंबर असतात. रस्त्यावर पळायचं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एका रांगेत, हेही तोच बघतो.

तुमच्याकडे असा गट नसेल तर तीन माणसांवर सुरू करता येतो. मार्ग सरळ लांब न घेता फेरीचा घ्या, म्हणजे कुणाला मध्येच सोडावं लागलं तर घर जवळ असतं. आठवड्यातले तीन दिवस पुरेत, मधले दिवस पायांना द्या. आणि मागच्यासाठी वळायचा नियम पहिल्या पहाटेपासून लावा. नंतर तो लावणं फार अवघड जातं, कारण तोवर पुढचे आणि मागचे असे दोन तट पडलेले असतात आणि मागच्यांतले अर्धे यायचे थांबलेले असतात.