हायड्रोचा ड्रम आणि लाल बादलीतली वाळू

गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला हायड्रोची भीती वाटत नाही. गूळ पिवळाधमक निघावा म्हणून आमचा गुळव्या ही पांढरी पावडर काहिलीत मुठीनं टाकायचा, ते मी लहानपणापासून बघत आलेलो. त्यामुळं इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसमध्ये केमिकल स्टोअरला लागलो तेव्हा हायड्रोचे ते पन्नास किलोचे ड्रम माझ्या लेखी मिठाची पोतीच होती. कागदोपत्री नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. व्हॅट रंगाला, म्हणजे नुसत्या पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाला लागतं, पॉलिस्टर रंगवल्यावर कापडावर बसलेला जादा रंग काढायलाही कॉस्टिक सोड्याबरोबर वापरतात.

जुलैतली गोष्ट. रात्रपाळीत कुणीतरी माल काढला आणि आतली पिशवी न बांधता झाकण नुसतं वर टेकवलं. स्कूप ओला होता की पत्र्यातून पाणी ठिबकलं, कुणीच कबूल झालं नाही. सकाळी कुलूप काढलं तर काडी ओढल्यावर येतो तसा वास, पण घशाला चावणारा. ड्रमला हात लावला आणि झटकन मागं घेतला. आत पावडर एका बाजूला पिवळट पडून भेगाळलेली, भेगेतून धूर.

मी लाल बादली उचलली. शिकवलेलं तेवढंच होतं. दोन बादल्या वाळू ओतल्यावर क्षणभर सगळं शांत झालं, मग वाळूच वर फुगायला लागली आणि तिच्यातून धूर आला. हमालमामा म्हणाले, "आणि दोन टाक, बसतंय बघ." बसलं नाही. डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना.

तेवढ्यात डाईंग मास्तर ओरडत आले, "वाळू सोड, आधी भाईर हो!" सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं आणि हायड्रंटचा पाइप लांबूनच पुरा सोडला. पाण्यानं भडकेल म्हणून मी बोंबललो. ते म्हणाले, "तांब्याभर पाण्यानं पेटतं, हौदभर पाण्यानं विझतं."

कारण मागाहून समजलं. ओल लागली की पावडर तापते आणि तिचं विघटन होतं, त्या उष्णतेनं आणखी विघटन होतं, आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. याला बाहेरची हवा लागतच नाही, मग वाळूनं गुदमरणार कसं? भरपूर पाणी उष्णता ओढून घेतं आणि पावडर विरघळवून टाकतं. (ते पाणी ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला गेलं, तिथल्या माणसांनी आम्हाला दिवसभर शिव्या घातल्या.)

हे सगळं सेफ्टी शीटमध्ये होतं. शीट फायलीत होती, फाईल कपाटात. ड्रमवरचा चौकोन, वर पांढरा, खाली लाल, त्यात ज्वाळा, खाली यूएन १३८४ हा धोकादायक मालाचा नंबर, रोज डोळ्यांसमोर होता. म्हणजे आपोआप पेट घेणारा माल. मास्तरांनी तेव्हाच अमेरिकेतल्या लोडी गावाचं सांगितलं: २१ एप्रिल १९९५, याच हायड्रोत ॲल्युमिनियमची पावडर मिसळताना मिक्सरमध्ये पाणी शिरलं, स्फोट झाला, पाच कामगार गेले.

मग स्टोअर हलवलं. ॲसेटिक ॲसिड आणि पेरॉक्साइडचे कॅन पार वेगळ्या खोलीत गेले, कारण ॲसिड लागलं तरी हाच वायू. ड्रम पॅलेटवर, गळक्या पत्र्यापासून लांब. स्कूप कोरडा आणि फक्त हायड्रोचाच. काढलेला माल उरला तरी परत ड्रममध्ये टाकायचा नाही, यावरून सर्वांत जास्त भांडणं झाली, कारण किलोचे पैसे सगळ्यांना दिसतात. पाण्यात द्रावण करताना टाकीत आधी गार पाणी, मग त्यात थोडी थोडी पावडर. पावडरीवर पाणी कधीच नाही. गॉगल आणि रबरी हातमोजे लोकांनी महिन्याभरात घेतले. मास्कवर मात्र मामा अडून बसले. तोंडाला बांधलेला टॉवेल धूळ अडवतो, वायू अडवत नाही, हे त्यांना पटेना. शेवटी आम्ल वायूचं काट्रिज लावलेला मास्क त्यांनी चढवला, तंबाखू थुंकता येत नाही अशी कुरकुर करत.

दिवाळीनंतर गावी गुऱ्हाळावर गेलो. चुलाणाच्या वरच्या कोनाड्यात, काहिलीची वाफ थेट येते तिथं, हायड्रोचा डबा उघडा होता. त्यात चमचा खोचलेला. ओला.