मामांच्या चित्रांचा लिलाव आणि एका शब्दासाठी गेलेले पाच महिने (माझा अनुभव)

हे आत्ताच लिहून ठेवते, कारण राग अजून ताजा आहे आणि दोन महिन्यांनी कुठला कागद कुणाला कधी दिला ते मलाच आठवणार नाही. इंग्लंडमध्ये आपल्या लोकांची ती पहिली पिढी आता एकेक करून जातेय, घरं भरलेली आहेत, कुणाकडे नाणी, कुणाकडे घड्याळं, आमच्या मामांकडे चित्रं होती. माझ्यासारखी वेळ अजून कुणावर येणारच.

मामा मिरजेचे. १९६४ साली डॉक्टर म्हणून इकडे आले ते बर्मिंगहॅमला हार्बोर्नमध्येच राहिले. मूलबाळ नाही, मामी आधीच गेल्या, मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून (म्हणजे मागचे सगळे व्यवहार बघणारी) एकटी मी. भिंतींवर, जिन्यात, पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाखाली मिळून ४३ चित्रं, सगळी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, त्यातली ३१ जलरंगातली. मामांना शाळेपासून चित्रकलेचा नाद, एलिमेंटरी इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये चित्रकार हळदणकरांची जलरंगातली ती हातात दिवा घेतलेली बाई बघितली आणि तेव्हापासून जलरंग म्हटलं की त्यांचं मन जागेवर राहायचं नाही. इकडे आले तेव्हा व्हिक्टोरियन चित्रांना कुणी विचारत नव्हतं. लेटन या व्हिक्टोरियन चित्रकाराचं ‘फ्लेमिंग जून’, १८९५ सालचं, ते १९६३ मध्ये २,००० पौंडांना पोर्तो रिकोतल्या पाँसेच्या म्युझियमसाठी घेतलं गेलं, ही गोष्ट मामा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. नवीन डॉक्टरच्या पगारातून त्यांनी हा संग्रह उभा केला त्याचं कारण हेच, तेव्हा ही चित्रं परवडत होती.

प्रोबेटचं (मृत्युपत्र अमलात आणायची सरकारी परवानगी) फार सांगत नाही, फॉर्म भरले, ३०० पौंड फी भरली, वाट बघितली, मिळालं. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चित्रांची किंमत टाकताना विम्याच्या कागदावरचा आकडा टाकू नका. मामांच्या जुन्या पॉलिसीत सगळ्या चित्रांचे मिळून ६१,००० पौंड लिहिले होते, म्हणजे जळली तर तसलीच दुकानातून परत घ्यायला किती लागतील ते. वारसा कराला लागते ती मृत्यूच्या दिवशीची खुल्या बाजारातली किंमत, ती निघाली १८,४००. मामींची न वापरलेली सूट मामांना जोडून एकूण करमुक्त मर्यादा ६,५०,००० पौंड होत होती, घर धरून आम्ही तिच्या अगदी कडेला होतो, आणि त्यावरच्या रकमेवर ४० टक्के कर आहे. राहत्या घराची जी जादा सूट मिळते ती मुला-नातवंडांना, भाचीला नाही. म्हणजे विम्याचा कागद तसाच जोडला असता तर नसलेल्या पैशांवर कर भरला असता.

आता मुख्य गोष्ट.

लिलावघर मिडलंड्समधलंच, नाव घेत नाही. किंमत ठरवायला त्यांचाच माणूस घरी आला होता, चार तासांत ४३ चित्रं बघून गेला. तेव्हा मला ते फार आवडलं, म्हटलं किती पटापट काम करतात. यादी आली, एकूण आकडा बघितला आणि मी ती फाइलला लावून टाकली. ओळ न् ओळ तेव्हाच वाचायला हवी होती, ते मी केलं नाही.

पुढे प्रोबेट मिळालं, चित्रं त्यांच्या गोदामात गेली, करार झाला (विक्रीवर १५ टक्के कमिशन, त्यावर व्हॅट, शिवाय फोटोचे आणि विम्याचे वेगळे), माझा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, मृत्युपत्राची प्रत सगळं दिलं. मग कॅटलॉगचा कच्चा मसुदा ईमेलने आला आणि वर लिहिलं होतं, दुरुस्त्या पाच दिवसांत कळवा. रात्री जेवणं झाल्यावर मी मामांची नोंदवही शेजारी घेऊन बसले. लाल बाइंडिंगची, आपल्याकडे किराणा दुकानात असते तशी उभी वही, सगळं मराठीत, मामांच्या त्या तिरक्या अक्षरात. तारीख, कुणाकडून, किती, आणि शेवटी शेरा. आणि तिथे मी थांबले.

वहीत होतं, ‘मे १९६९. कॉक्स (बाप). वेल्समधली वाट, वारा. २८ गिनी = २९ पौंड ८ शि. कागद बघणे, ठिपक्यांना पंख.’

मसुद्यात त्याच चित्रापुढे होतं, डेव्हिड कॉक्स ज्युनियर, अंदाज १५० ते २०० पौंड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेव्हिड कॉक्स म्हणजे बर्मिंगहॅमचा सगळ्यात मोठा जलरंगकार, जन्म १७८३, म्हातारपणी हार्बोर्नलाच येऊन राहिला, १८५९ मध्ये तिथेच वारला, सेंट पीटर्स चर्चच्या आवारात पुरलाय. मामा रविवारी फिरायला जायचे ते त्याच आवारातून. त्याचा मुलगाही डेव्हिड कॉक्सच, तोही जलरंगच करायचा, साधारण बापासारखेच, पण बापाचा हात वेगळा. बाप १८३६ पासून एक जाडाभरडा स्कॉटिश गुंडाळायचा कागद वापरायला लागला, वाऱ्यापावसाची चित्रं त्याच्यावर फार छान उतरायची, फक्त त्यात काड्यांचे तुकडे, ठिपके असायचे. आकाशात असे ठिपके आले तर काय करता असं कुणीतरी विचारलं, तर म्हणे मी त्यांना पंख लावतो, पक्षी होऊन उडून जातात. मामांचा शेरा त्याच्यावरून होता. हे मला लहानपणापासून पाठ, कारण दर सुट्टीत मामा मला त्या चित्रापुढे उभं करून पक्षी मोजायला लावायचे.

कॅटलॉगमधला एकेक शब्द म्हणजे पैसे असतात हे मला तेव्हा कळलं. चित्रकाराचं नुसतं पूर्ण नाव असेल तर त्यांच्या मते चित्र त्याचंच. ‘अट्रिब्यूटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचं. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या जवळच्या, त्याच काळातल्या कुणाचं तरी. ‘फॉलोअर ऑफ’, ‘मॅनर ऑफ’ म्हणजे अजून लांब, ‘आफ्टर’ म्हणजे नक्कल. आणि ‘साइन्ड’ असेल तर सही खरी मानतात, ‘बेअर्स सिग्नेचर’ असेल तर सही आहे पण त्यांच्या मते ती दुसऱ्या कुणाच्या हातची असावी. काही लिलावघरांत पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं किंवा नुसतं आडनाव छापलं तरी अर्थ बदलतो. हे सगळं कॅटलॉगच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात असतं, ते आधी वाचा, चित्रं मग बघा.

मी दुसऱ्याच दिवशी ईमेल केला, वहीच्या त्या पानाचा फोटो जोडला, खाली इंग्रजीत अर्थ लिहिला. आठ दिवस काही नाही. फोन केला तर चित्रविभागाचे प्रमुख रजेवर. परत फोन, तर म्हणे ईमेल त्यांना पाठवलाय. तीन आठवड्यांनी उत्तर आलं दोन ओळींचं, की नोंद आम्हाला वाचता येत नाही अशा भाषेत आहे आणि अर्थ विक्रेत्यानेच लावलेला आहे, सबब पुरावा म्हणून धरता येत नाही.

हे वाचून मला काय वाटलं ते लिहिणं कठीण आहे. मामांनी पन्नास वर्षं त्या वहीत एकेक चित्र लिहून ठेवलं, कुणाला विकायचं म्हणून नाही, स्वतःला आठवावं म्हणून, आणि माणूस आठवण ज्या भाषेत ठेवतो त्याच भाषेत ठेवली. ती मराठीत आहे म्हणून ती नोंदच नाही? आईला मिरजेला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "दादाचं अक्षर कुणाला वाचता येत नाही असं कुणी म्हणूच कसं शकतं?"

मग प्रमाणित भाषांतर करून घेतलं. चार पानं, ९० पौंड. भाषांतरकार बाई पुण्याच्या, फार नीट काम केलं, गिनी म्हणजे काय तेवढं विचारलं (२१ शिलिंग, जुने दुकानदार चित्रं गिनीतच विकायचे). ते पाठवलं. तोपर्यंत पाच दिवसांची मुदत कधीच संपलेली, त्यांनी मसुदा तसाच छापायला पाठवला आणि मला कळवलं की चित्र काढून घ्यायचं असेल तर करारातल्या कलमाप्रमाणे ६० पौंड आणि व्हॅट. चूक कुणाची आणि दंड कुणाला! मी भरले. चित्र काढून घेतलं. २०० पौंडांना जाऊ दिलं असतं तर मला त्या घराच्या जिन्यात परत उभं राहता आलं नसतं.

त्यांचं एक म्हणणं मात्र बरोबर होतं, तेही सांगते. कॉक्सच्या खोट्या सह्या बाजारात भरपूर आहेत, नुसत्या सहीवर आणि नुसत्या वहीवर कुणीच नाव लावणार नाही. पण मग फ्रेम उघडून बघा ना! ते तीनदा विचारूनही केलं नाही, उत्तर तेच, एवढ्या किमतीच्या चित्राला आम्ही फ्रेम उघडत नाही. म्हणजे किंमत कमी म्हणून बघायचं नाही, आणि बघितलं नाही म्हणून किंमत कमी.

इथे मध्येच एक, आठवलं म्हणून. फ्रेम स्वतः उघडू नका आणि काच सोडून काहीही पुसू नका. मागची बाजू मात्र फोटो काढून ठेवा, प्रत्येक चित्राची, घरातून हलवायच्या आधी. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, खडूचे आकडे, क्रिस्टीज या मोठ्या लिलावघराचे काळ्या शाईतले स्टेन्सिलचे नंबर, सगळं मागे असतं. आमच्या एका चित्राची चिठ्ठी गोदामात जाऊन आल्यावर नव्हती, फोटो होता म्हणून वाचले.

कागदावरची जुनी चित्रं जपण्या-दुरुस्त करण्याचं काम करणाऱ्या एका कॉन्झर्व्हेटरकडे मी ते चित्र घेऊन गेले. मागचा तपकिरी गमटेप त्यांनी पातळ सुरीने कडेकडेने कापला, गंजलेले बारीक खिळे एकेक करून वाटीत टाकले, मागची लाकडी फळी उचलली तर जुन्या कपाटाचा असतो तसला वास आला. काचेच्या आत चिलटांएवढे मेलेले किडे. आम्लाने माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कडेला तपकिरी पट्टा उमटलेला. मग माउंट उचललं आणि डावीकडे खाली, इतकी वर्षं झाकलेल्या भागात, सही आणि १८४८. माउंटखाली चारही कडांना रंग अगदी ताजा, म्हणजे आकाशातली निळाई मुळात किती होती ते त्या अर्ध्या बोटाच्या पट्टीत दिसलं, बाकीचं उजेडाने उडालेलं. कागद खरखरीत, करडा, काड्या दिसतात असा. त्यांनी मला भिंग दिलं. आकाशात ठिपके होते, ते कागदातलेच, रंगाचे नाहीत, आणि त्यातल्या दोघांच्या दोन्ही बाजूंना ब्रशचं एकेक टोक टेकवलेलं. पंख. मला रडू आलं, लपवत नाही.

त्यांनी लेखी अहवाल दिला, कागद, सही, फिकेपणा, सगळं. तो, भाषांतर, वही आणि वहीतच टाचणीने लावलेली दुकानाची पावती (ती मला आधी दिसलीच नव्हती, पान दुमडलेलं होतं, तेव्हा वह्या झटकून बघा) असं सगळं एकत्र करून मी दुसऱ्या लिलावघराकडे गेले. तिथल्या बाईंनी पंधरा मिनिटं चित्र बघितलं आणि काय छापणार ते माझ्यासमोर लिहून दिलं, ‘अट्रिब्यूटेड टू डेव्हिड कॉक्स सीनियर’. पूर्ण नाव का नाही असं विचारलं तर कारणही सांगितलं, रंग इतका उडालाय की हाताची खात्री शंभर टक्के देता येत नाही. ते मला पटलं. कारण सांगितलं की माणूस ऐकतो.

अंदाज ८०० ते १,२००, राखीव किंमत (जिच्या खाली विकायचं नाही ती) ७००. राखीव किंमत अंदाजाच्या खालच्या आकड्याच्या वर ठेवता येत नाही, त्यावर वाद घालत बसू नका. आणि साध्या महिन्याच्या लिलावात देऊ नका, तिथे सोफे आणि डिनर सेटमध्ये चित्र हरवतं, खास चित्रांचा लिलाव वर्षातून दोनदाच असला तरी थांबा. पाच महिन्यांतले शेवटचे दोन मी त्यासाठी थांबले, पण ते थांबणं मला अजिबात जड गेलं नाही.

लिलावाच्या दिवशी ऑफिसमधून रजा घेऊन स्वतः गेले. एका मिनिटाच्या आत सगळं संपतं. दोन फोनवरचे आणि हॉलमधला एक म्हातारा, २,६०० ला हातोडा पडला, घेतलं म्हाताऱ्यानेच. कमिशन ३९० आणि त्यावर व्हॅट ७८ गेले. पैसे इस्टेटच्या नावाच्या वेगळ्या खात्यात घ्या, स्वतःच्या नको, नंतर हिशोब देताना फार सोपं पडतं. प्रोबेटला टाकलेल्या किमतीपेक्षा जास्त किंमत आली तर ती कर खात्याला कळवावी लागू शकते, कळवली, तरी मर्यादेच्या आतच राहिलो.

बाकीची ४२ पहिल्या लिलावघरातच होती. ३६ गेली, बरीचशी कमी भावात, विशेषतः मोठी तैलचित्रं, गाईगुरं आणि डोंगर आता कुणाला भिंतीवर नको आहेत. सहा राहिली, ती परत आणली. गोदामाचं भाडं आठवड्याला मोजतात, न विकलेली लगेच उचला. त्यातला एक गुलाबांच्या झोपडीचा जलरंग आईसाठी ठेवलाय.

चित्र काढून घेण्याचे ते ६० पौंड आणि व्हॅट परत द्या म्हणून मी पहिल्या लिलावघराला लिहिलंय, कॉन्झर्व्हेटरचा अहवाल आणि नवीन कॅटलॉगचं पान जोडून. ‘आम्ही बघतो’ असं उत्तर येऊन तीन आठवडे झाले. सोमवारी परत फोन करणार आहे.