मी वांड म्हटलं होतं

मंगळवार, रात्री साडेदहा

बाल न्याय मंडळात आज निकाल मनासारखा लागला. केबलचोरीतलं पोरगं आजीबरोबर घरी गेलं. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर एक वर्ष, परिवीक्षा अधिकारी म्हणून देखरेख माझी. कायद्यात तीन वर्षांपर्यंत जाता येतं, मंडळाने एकच धरलं. अहवालात मी हेच सुचवलं होतं. एरवी अशा दिवशी येताना मी कुंद्याची मिठाई घेऊन येते. आज तशीच आले. आईंनीही काही विचारलं नाही, ताट वाढलं.

झालं एवढंच. सदस्य मॅडम माझा अहवाल चाळत होत्या आणि त्यांनी आजींना अगदी मायेने विचारलं, "अज्जी, हुडुगा पुंड अदान अंत नीवे हेळीरल्ला?" पोरगा पुंड आहे असं तुम्हीच सांगितलंत ना, एवढंच. दरडावणं नव्हतं त्यात. आता याला सांभाळणार कशा, या प्रश्नाकडे जायची ती पहिली पायरी होती.

आजींना कन्नड बाजारापुरतं येतं. बाकीचं वाक्य एखाद्या वेळी सुटलंही असतं. पण पुंड हा शब्द कन्नडमध्येही तोच आणि आमच्या मराठीतही तोच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पोराकडे. मग खाली बघून मान हलवली, होय म्हणून.

साहेब लोकांसमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून हलवलेली ती मान.

बाहेर व्हरांड्यात पिशवी काखेला मारता मारता म्हणाल्या, "बाई, म्या वांड म्हनलं हुतं. पुंड न्हवं म्हनलं." तक्रारीचा सूर नव्हता. विसरलेली वस्तू परत द्यावी तसं सांगितलं आणि जिना उतरल्या. दीडच्या गाडीची घाई होती. सकाळी येताना महाराष्ट्राच्या दोन एसट्या सोडून त्या आपल्या कर्नाटकाच्या गाडीची वाट बघत थांबल्या होत्या. आधार दाखवलं की बाईमाणसाला तिकीट पडत नाही म्हणून. तिकीट वाचलं, पण दिवसभरात वळायच्या बिड्या गेल्याच.

घरी त्यांनी सांगितलं तो प्रसंग दुपारपासून पुन्हा पुन्हा समोर येतोय. निपाणीकडचं गाव, नाव लिहीत नाही, लिहायचं नसतंच. उंबऱ्यात बसलेल्या, मांडीवर सूप, बाजूला ओल्या गोणपाटात पानांची चवड. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्रीने भोवतीनं कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. माझ्याशी बोलताना हात एकदाही थांबले नाहीत. मी विचारलं, मुलगा कसा आहे स्वभावाने? तेव्हा हसल्या. "वांड हाय ओ. बाप न्हाई, वळण कोन लावनार? पन रातीला पानं कापून देतंय मला. माझी बोटं धरत्यात."

ते हसू. वांड हा शब्द त्या हसण्यासकट होता. आपल्याकडे वांड कुणाला म्हणतात? झाडावर चढून कैऱ्या पाडणाऱ्याला, दप्तर टाकून नदीवर पळणाऱ्याला. आई लेकराला रागात म्हणते आणि लगेच जवळ ओढते. पुंड म्हटल्यावर कुणी कुणाला जवळ ओढत नाही. गुंडपुंड म्हणतो आपण. कन्नडमध्येही पुंड-पोकरी जोडीनेच येतात.

मग मी पुंड का लिहिलं?

थकले होते, हे पहिलं उत्तर. खरंच थकले होते. पोलिसांनी मुलाला पहिल्यांदा मंडळासमोर आणलं की १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. त्या पंधरवड्यात माझ्याकडे आणखी चार घरं होती. एक खानापूरच्या पलीकडे जंगलात, जिथे दुपारनंतर परतीची गाडी नाही. अहवाल कन्नडमध्ये लिहायचा. माझं शिक्षण सगळं मराठी शाळेत, कन्नड मी नोकरीसाठी बसून शिकले आणि आज ते बरं आहे म्हणतात. पण रात्री दहानंतर शब्द शोधावे लागतात. घरातली माणसं मराठी सांगणार, कागदावर कन्नड उतरणार, आणि मधला पूल मी एकटी. त्या पुलावर काय सांडलं हे तपासायला कोण आहे? सांगणाऱ्याला वाचता येत नाही, वाचणाऱ्याने ऐकलेलं नसतं. सगळं माझ्याच डोक्यावर. बारा वर्षं हेच चाललंय आणि कुणी एकदा विचारत नाही की बाई, तुला जमतंय का?

बदलीच्या अर्जाबद्दल आज काही लिहीत नाही.

हे वरचं वाचलं. सगळं खरं आहे आणि तरीही ते कारण नाही.

त्या रात्री मला योग्य शब्द आठवला होता. तुंट. कन्नडमध्ये खोडकर लेकराला तुंट म्हणतात, वांडला इतका जवळचा दुसरा शब्द नाही. तो आधी आठवला आणि मी तो बाजूला ठेवला. हे मला स्वच्छ आठवतंय. पेन हातात होतं. मनात आलं, सोळा वर्षांचा मुलगा, शेतातल्या मोटारीची केबल तोडून, जाळून, तांबं भंगारात घातलं, आणि मी त्याला तुंट लिहिणार? वाचणारा म्हणेल, मॅडम सांभाळून घेतात. मराठी पोर आहे ना.

असं कुणी म्हटलं नव्हतं. या प्रकरणात तर कुणीच नाही. पण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकाने चहा पिताना म्हटलं होतं, तुमच्यातला दिसतोय, मग अहवाल चांगलाच येणार. तेवढं एक वाक्य मी दहा वर्षं बरोबर घेऊन फिरतेय. कन्नड घरातल्या मुलाबद्दल लिहिताना मी मोकळी असते. मराठी घरातला मुलगा आला की हात आखडतो. आपल्यातल्यांना झुकतं माप नको, म्हणून मी त्यांना कमी मापाने मोजत आले की काय? किती जणांना?

या प्रश्नाशी येऊन दुपारपासून तीनदा थांबलेय.

आणि हे मी करावं. नवीन पोरं कामाला येतात तेव्हा बाल न्याय कायद्याचं कलम ३ मीच समजावते. कायद्याने त्यात १६ तत्त्वं घातली आहेत. त्यातलं आठवं शब्दांचं आहे: मुलाच्या बाबतीत आरोप करणारे, दूषण देणारे शब्द वापरायचे नाहीत. आरोपी म्हणायचं नाही, अटक म्हणायचं नाही. मंडळात पोलीससुद्धा गणवेशात येत नाही. एवढी राखण केलेल्या जागेत तो एक शब्द माझ्या हातून आत गेला. तोही आजीच्या नावावर.

पानं कापून देण्याचं मी अहवालात लिहिलंच नाही. सवयींचे रकाने असतात, एका बाजूला तंबाखू, दारू, जुगार, दुसऱ्या बाजूला वाचन, खेळ, चित्रकला. आजीची बोटं धरतात म्हणून रात्री पानं कापतो, हे यातल्या कुठल्या रकान्यात बसवायचं? शिवाय अल्पवयीन मुलगा आणि बिडीचं काम एका ओळीत आलं की दुसरीच चौकशी उभी राहते. म्हणून गाळलं. ते गाळणं बरोबर की चूक, अजून ठरवता येत नाही. असो.

ह्यांना सांगावं असं जेवताना वाटलं होतं. ते झोपले.

आता साडेअकरा झालेत. मघापासून एक चित्र टाळत होते, ते लिहून टाकते. आजीने मान हलवली तेव्हा मी आजीकडे बघत होते. पोराकडे माझं लक्ष उशिरा गेलं. तो आजीकडे बघत होता. ती आपल्याला पुंड म्हणाली, असं त्याने आज ऐकलंय. आणि तिने होकार दिलेलाही पाहिलाय. कागदावरच्या शब्दाचं काय, सात वर्षांनी ते सगळं दप्तर नष्ट करायचं असतं, तसा नियम आहे. पोराच्या कानात पडलेल्या शब्दाला कुठली मुदत?

मग आजींनी हमीपत्रावर सही केली. मी अंगठ्याची शाई पुढे केली होती, त्यांनी ती बोटाने बाजूला सारली. छापील कन्नड मजकुराखाली मराठीत एकेक अक्षर लिहिलं, वर रेघ ओढली. पोरगा शेजारी उभा राहून कागद सरकू नये म्हणून कोपरा दाबून धरत होता. म्हणजे तेव्हाही तो तिच्या बाजूलाच होता. हे लिहिल्यावर जरा श्वास सुटला.

दुरुस्तीचा अर्ज लिहिला. कन्नडमध्ये, चार ओळींचा. अमुक अहवालात तिसऱ्या पानावर पालकाच्या निवेदनात पुंड असा शब्द आला आहे, पालकाचा मूळ शब्द मराठी 'वांड' असून त्याचा अर्थ तुंट असा वाचावा, चूक अहवाल लिहिणारीची आहे. शेवटची ओळ दोनदा खोडली आणि दोनदा लिहिली. निकाल लागल्यावर असा अर्ज कशाला, असं विचारतील. विचारू देत. तुंट लिहिल्याने मी मराठी ठरत असेन तर ठरेन. उद्या सकाळी तो आधी देते.

आणि यापुढे घरच्यांनी वापरलेला शब्द आधी जसाच्या तसा लिहायचा, पुढे त्याचा कन्नड अर्थ. एक ओळ वाढेल. दोन भाषांमध्ये बसून काम करायचं तर ती ओळ लिहावीच लागेल. मला हे आधीच सुचायला हवं होतं, पण आज सुचलं.

देखरेखीची पहिली भेट पुढच्या सोमवारी धरली होती. ती या रविवारी करते. आजी घरी असतील, सूप मांडीवर असेल. पण आधी पोराला गाठायचं आहे, आजीच्या माघारी. तुझी आजी काय म्हणाली होती ते त्याला सांगायचं, हसली होती ते सांगायचं, आणि पानांचं म्हणाली होती तेही. कागदावर चुकीचं मी लिहिलं, हे त्याच्याकडे बघून म्हणायचं.

रविवारी सकाळी सातची निपाणी गाडी. अलार्म लावून ठेवते.