धोलावीरा : ओसरत गेलेलं शहर

भुज आणि पांढऱ्या रणातला उत्सव यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. तिथली गर्दी आणि रात्रभर वाजणारे कर्णे मला सोसले नाहीत, एवढंच सांगून पुढे जाते. खावड्याहून खदीर बेटाकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या पांढऱ्याफटक मिठातून जातो, आणि मग येतं धोलावीरा, कच्छमधलं सिंधू संस्कृतीचं प्राचीन शहर.

पूर्वेकडच्या हौदाच्या काठाशी उभी होते. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, १० मीटर खोल, आत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. शेजारच्या घोळक्याला वाटाड्या ठासून सांगत होता, "आर्य आले, शहर लुटलं, संपली संस्कृती!" माना डोलल्या, सेल्फी झाले, घोळका पुढे सरकला. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून हल्ल्याचं हे चित्र पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी रंगवलं होतं. ते सांगाडे एकाच वेळचे नाहीत आणि लढाईचा पुरावाही नाही, हे जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्येच मांडलं. तरी हल्ल्याची गोष्ट काही मरत नाही, कारण ती एका वाक्यात सांगून होते.

इथली गोष्ट तशी सांगून होत नाही. मनसर आणि मनहर या पावसाळी ओढ्यांवर बंधारे घालून या लोकांनी रणाच्या मधोमध शहर वसवलं. आव्हानाला दिलेल्या उत्तरातून संस्कृती घडते हे इतिहासकार टॉयन्बी यांचं म्हणणं इथे पटतं. पण उत्तर सुचेनासं झालं की ती लयाला जाते, हा त्यांचा पुढचा भाग मला या लोकांवर अन्याय करणारा वाटतो. इ.स.पू. २२०० च्या सुमारास दीर्घ दुष्काळाचा काळ सुरू झाला, मेसोपोटेमियाशी चालणारा व्यापार आटला. शहर आक्रसलं, ओस पडलं. मग माणसं परत आली, जुनेच दगड वापरून लहान वस्ती केली. तीही सुटली. अगदी शेवटी आलेल्यांनी गोल घरं बांधली, कच्छमध्ये आजही दिसणाऱ्या भुंग्यांसारखी. र. सिं. बिश्त यांच्या उत्खननात हे टप्पे थरांवर थर असे उलगडले.

अरब इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ मध्ये घराण्यांचं आयुष्य साधारण तीन पिढ्यांचं मानलं. राजघराण्यांना ते लागू पडत असेल. इथे ना राजाचं नाव ठाऊक, ना लिपी वाचता येते. उत्तर दरवाज्यापाशी सापडलेली दहा मोठी अक्षरं अजून मुकीच आहेत. राहतात ती फक्त घरं. तट आणि दरवाजे सोडून गोल घरात राहायला लागणं याला अधःपतन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाणी कमी झालं, तसा त्यांनी संसार आवरता घेतला.

आमच्या वाटाड्याने बालेकिल्ला आणि हौद दाखवून गाडीकडे चला म्हटलं. मी हट्टाने मागे राहिले. ऊन रणरणतं, सावली नाही, पाणी जवळ ठेवाच. पण गेलात तर त्या गोल घरांबद्दल आवर्जून विचारा. कुणी आपणहून सांगणार नाही.